वेब अर्जातील माहितीचे वाचन

वेब अर्जातील माहितीचे वाचन म्हणजे संकेतस्थळावरील अर्जात वापरकर्त्याने भरलेला मजकूर सर्व्हरवरील आज्ञावलीने पुढील प्रक्रियेसाठी मिळवणे. महाराष्ट्र शासनाच्या 'आपले सरकार' या संकेतस्थळावरील उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज असो वा साधी शोधखिडकी, मूळ क्रिया हीच असते.

== माहितीचा प्रवास ==

अर्जाच्या प्रत्येक रकान्याला आज्ञावलीत 'नेम' हा गुणधर्म दिलेला असतो. न्याहाळक नाव आणि मूल्य यांची जोडी पाठवतो; उदाहरणार्थ, गाव=धावडा. रकान्याशेजारी दिसणारे शीर्षक किंवा त्याचा 'आयडी' सर्व्हरकडे जात नाही. त्यामुळे 'नेम' द्यायचे राहिले, तर काळजीपूर्वक भरलेला रकानाही पोहोचत नाही.

'गेट' पद्धतीत या जोड्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येतात, तर 'पोस्ट' पद्धतीत विनंतीच्या मुख्य भागात. पत्ता न्याहाळकाच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदींत उरतो; म्हणून आधार क्रमांकासारखी माहिती 'गेट'ने पाठवू नये. 'पोस्ट'ने माहिती गुप्त राहते हा समज मात्र चुकीचा आहे. प्रवासातील गुप्तता एचटीटीपीएसमुळे येते.

यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. जालना जिल्ह्यातील 'धावडा' या गावाच्या नावात काना धरून ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. नेहमीच्या अर्जसंकेतनात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे असा लिहिला जात असल्याने प्रत्यक्षात ४५ चिन्हे पाठवली जातात. हा मजकूर स्वतः तोडत बसण्यापेक्षा भाषेने दिलेली वाचनसोय वापरणे श्रेयस्कर.

== वाचनाच्या सोयी ==

पीएचपीत '_पोस्ट' हा ॲरे, फ्लास्कमध्ये 'रिक्वेस्ट.फॉर्म', जँगोत 'रिक्वेस्ट.पोस्ट' आणि जावा सर्व्हलेटमध्ये 'गेटपॅरामीटर' यांतून मूल्य मिळते. पीएचपीत पूर्वी 'रजिस्टर ग्लोबल्स' अशी सोय होती. तीत रकान्याचे नाव आपोआप चल बनत असे. पत्त्यात मनाने एखादे नाव जोडून आज्ञावलीतील चल बदलण्याचा धोका त्यातून उद्भवला. २००२ मध्ये ४.२ या आवृत्तीत ती मूलतः बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीतून वगळण्यात आली.

एकाच नावाखाली अनेक मूल्ये आली, की या सोयी वेगळ्या वागतात. शेतकऱ्याने यादीतून कापूस, मका आणि सोयाबीन निवडल्यास 'गेटपॅरामीटर' पहिलेच पीक देते. जँगोचे साधे वाचन शेवटचे. उरलेली पिके कोणतीही त्रुटी न दाखवता गळतात. सर्व पिके मिळवण्यासाठी अनुक्रमे 'गेटपॅरामीटरव्हॅल्यूज' आणि 'गेटलिस्ट' वापरावे लागते. खूण न केलेली चौकट तर काहीच पाठवत नाही. रिकामा रकाना मात्र रिकामे मूल्य पाठवतो. 'नाही' आणि 'रिकामे' हा भेद आज्ञावलीने पाळावा लागतो.

== मराठी अंकांचा प्रश्न ==

आलेले मूल्य मजकूर असते, संख्या नव्हे. क्षेत्राच्या साध्या मजकूर-रकान्यात कोणी '१२' असे देवनागरीत लिहिले, तर पायथॉनचे 'इंट' ते बारा असे वाचते; पीएचपीतील पूर्णांक-रूपांतर शून्य देते आणि जावास्क्रिप्ट 'संख्या नाही' असे कळवते. यांतील शून्य सर्वांत घातक, कारण बारा आरांची जमीन निमूटपणे शून्य होते. रूपांतरापूर्वी देवनागरी अंक बदलून घेणे हा सोपा उपाय असून मराठी अर्जांत तो अपरिहार्य मानावा.

न्याहाळकातील तपासणी वापरकर्त्याला टाळता येते आणि लपवलेले रकानेही बदलता येतात. म्हणून प्रत्येक मूल्य सर्व्हरवर पुन्हा तपासतात. विदागाराच्या आज्ञेत ते थेट न जोडता प्राचल म्हणून देतात.