क्वेरी ऑप्टिमायझर व यंत्रणेची सांख्यिकी : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध आहे आणि २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील शेतकऱ्याला केवळ आपल्या गट क्रमांकाचा उतारा हवा असतो. पीक अहवालासाठी मात्र संपूर्ण तालुक्यातील सोयाबीन, तूर व कापसाच्या क्षेत्राची बेरीज लागते. अशा भिन्न प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे मार्गही भिन्न असतात. हा मार्ग डेटाबेसमधील क्वेरी ऑप्टिमायझर कशाच्या आधारे ठरवितो, याचे विवेचन ऑरॅकल या डेटाबेसच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केले आहे.

खर्चाची संकल्पना :
खर्चाधिष्ठित मार्गनिवडीची पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. इंडेक्सच्या मार्गाने एकेक ब्लॉक वाचला जातो, तर संपूर्ण टेबल वाचताना एका वेळी अनेक ब्लॉक येतात. या दोन वाचनांस प्रत्यक्ष यंत्रावर किती वेळ लागतो व प्रोसेसरची गती किती, ही माहिती म्हणजे यंत्रणेची सांख्यिकी होय. ऑरॅकलने ती ९आय आवृत्तीपासून उपलब्ध करून दिली.

उदाहरण :
ऑरॅकलची पूर्वनिर्धारित मूल्ये डिस्कवरील शोधासाठी १० मिलिसेकंद व वहनासाठी प्रति मिलिसेकंद ४०९६ बाइट अशी आहेत. त्यानुसार ८ किलोबाइटच्या एका ब्लॉकास १२, तर एकत्रित ८ ब्लॉकांस २६ मिलिसेकंद लागतात. समजा, टेबल ८००० ब्लॉकांचे आहे. ते वाचण्यास १००० एकत्रित वाचने लागतील. एक ब्लॉक वाचण्याचा वेळ हे एकक धरल्यास खर्च १००० × २६ ÷ १२, म्हणजे सुमारे २१६७ होतो. इंडेक्सच्या मार्गाचा खर्च १५०० असल्यास तोच निवडला जाईल. परंतु प्रत्यक्ष मोजणीत हे वेळ अनुक्रमे ५ व ६ मिलिसेकंद आढळले, तर संपूर्ण वाचनाचा खर्च १२०० वर येतो आणि निर्णय उलटतो. येथे प्रोसेसरचा खर्च सोयीसाठी वगळला आहे.

मोजणीची पद्धत :
मोजणी नेहमीच्या कामाच्या वेळी सुरू करून ठरावीक काळाने थांबवावी. सुटीच्या दिवशी वा रात्री बॅकअप चालू असताना घेतलेली मूल्ये दिवसाच्या कामाचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. तत्पूर्वी जुनी मूल्ये निर्यात करून ठेवावीत, म्हणजे ती पुन्हा लागू करता येतात. नवी मूल्ये लागू होताच आधी पार्स झालेल्या क्वेरी रद्द होत नाहीत. त्यामुळे परिणाम तत्काळ दिसेलच असे नाही.

निष्कर्ष :
चुकीच्या सांख्यिकीमुळे उत्तर चुकत नाही, ते केवळ उशिरा येते. म्हणूनच हा दोष सहजी लक्षात येत नाही आणि त्याची किंमत उताऱ्यासाठी ताटकळणाऱ्याला मोजावी लागते. बहुतांश ठिकाणी पूर्वनिर्धारित मूल्येच ठेवावीत, अशी ऑरॅकलची शिफारस आहे. सबब, योग्य वेळी मोजणी करणे शक्य नसेल, तर अयोग्य मोजणीपेक्षा ती न करणे श्रेयस्कर, हे विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकातून दाखवून देणे आवश्यक वाटते.