उसासाठी ट्रॉली बांधून घेताना
नवी ट्रॉली बांधायला टाकताना आपण लांबी-रुंदी अन् रंग सांगून मोकळे होतो. पण आधी ठरवावी ती साट्याची उंची. तोडणी मजूर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढतात. मोळी ३० किलोची धरली, तर १० टन उसाला तीनशेच्या वर खेपा झाल्या. साटा एक फूट खाली आला, की तीनशे फुटांचा चढ वाचला, तोही डोक्यावरच्या ओझ्यासकट! शिवाय बांधावरून जाताना ट्रॉली कलंडण्याचे भय कमी.

मात्र त्यासाठी चाके लहान घ्याल, तर आस वरंब्याला घासेल आणि चाक ओल्या काळ्या रानात रुतेल. तेव्हा आपले रान पाहूनच बेत करावा.

मग आसाची जागा. गाडीची उलाळ अन् धुरजड आपल्याला ठाऊकच आहे, इथेही तेच. दोनचाकी ट्रॉलीचा आस मध्याच्या थोडा मागे हवा. त्याने थोडा भार हुकावर येतो, ट्रॅक्टरची मागची चाके जमीन धरतात. आस फार मागे गेला, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंडच उचलते.

कारागीर म्हणेल, "सगळे असंच नेतात." त्याला मापे कागदावर लिहून द्या. अन् ब्रेक, मागचे लाल परावर्तक त्याच कागदावर घाला.