आखातात जाताय? मसाल्याच्या पुडीतली खसखस आधी बघा

बेळगाव : आयटीआय किंवा बी.कॉम. करून दुबई, दोहा, कुवेतला कामाला जाणारी पोरं बेळगाव-खानापूर पट्ट्यात आणि गोव्यात काही नवीन नाहीत. व्हिसा, मेडिकल, तिकीट यासाठी महिनाभर धावपळ होते. तिथल्या रीतिरिवाजांची चौकशी मात्र विमानात बसल्यावर, शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे होते. तेवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे जी नुसती वागण्याची बाब, ती तिथे बऱ्याचदा कायद्याची बाब असते.

सुरुवात बॅगेपासूनच होते. आईने प्रेमाने दिलेले अनारसे, कांदा-लसूण मसाला, यात खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती आणायला सक्त बंदी आहे. ‘घरगुती मसाला आहे साहेब’ हे तिथल्या कस्टमवाल्याला पटत नाही. दुबईच्या बंदी यादीत विड्याचं पानही आहे. औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप किंवा ट्रमाडॉलची गोळी इथे डॉक्टर सहज लिहून देतात. अमिरातीत ती न्यायची तर तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

दुसरा धोका खिशातल्या मोबाइलचा. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यानुसार कुणाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढून त्याच्या खासगीपणाचा भंग केला तर किमान सहा महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. दीड लाख दिरहम म्हणजे आपले तीस लाखांच्या पुढे! ऑनलाइन शिवीगाळ केली तर दंड अडीच लाख दिरहमपासून सुरू होतो. रूममेटला रागाच्या भरात व्हॉट्सअॅपवर घातलेली शिवीसुद्धा यात येऊ शकते. इथल्या ग्रुपवर जी भाषा चालते ती बघता हा मुद्दा पोरांना दोनदा सांगायला हवा.

रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणं, पाणी पिणं, सिगारेट ओढणं टाळावं. कुवेतमध्ये तर त्यासाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे. १०० दिनारपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद. एरवीही दुबई मेट्रोत खाल्लं-प्यायलं किंवा पुरुष बायकांच्या डब्यात चढला तरी १०० दिरहम जातात.

बाकी गोष्टी दंडाच्या नाहीत, मानाच्या आहेत. अरब बाईने आपणहून हात पुढे केला नाही तर आपण करू नये. छातीवर हात ठेवून नमस्कार पुरे. अरब माणसाची ख्यालीखुशाली विचारताना ‘घरची मंडळी बरी ना’ इतपत ठीक, त्याच्या बायकोची वेगळी चौकशी करू नये. बसताना बुटाचा तळवा समोरच्याकडे नसावा. छोट्या कपातून कहवा देतात, तो उजव्या हाताने घ्यायचा. कप नुसता परत केला की पुन्हा भरतात. बास झालं असेल तर कप दोन-तीनदा हलवून द्यायचा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं. अशा कामगारांसाठी परराष्ट्र मंत्रालयाने जाण्यापूर्वीचं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं आहे. ते कुठे, कधी होतंय, हे एजंटला पैसे देण्याआधीच विचारावं. दहावी पास झालेल्यांना मात्र हे सगळं आपलं आपणच शोधून काढावं लागतं.