पकवान फुगलं की वाया गेलं

पहाटे 4:30. अंबरनाथहून उल्हासनगर एकच स्टेशन, पण गाडी चुकली की सगळा दिवस चुकतो. उतरून तीन नंबरला शेठच्या हॉटेलात कामाला चालत जायचं. इथला पत्ता नंबरानंच सांगतात, एक नंबरपासून पाच नंबरपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात ही लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिच्या बराकींत उतरली. 1949 साली राजगोपालाचारींनी नव्या शहराची पायाभरणी केली, उल्हास नदीवरून नाव पडलं, तरी ‘कॅम्प’ काही कुणाच्या तोंडून जात नाही.

5:15. डाळ अम्मांनी रात्रीच भिजत घातलेली असते. अम्मा म्हणजे शेठच्या आई. मी परातीत मैदा घेते. थोडा रवा, जिरं, ओवा, भरडलेली मिरी, मीठ, आणि मूठ दाबली की मुटका उभा राहील इतकं मोहन. पकवानाचं पीठ घट्टच मळायचं. पातळ लाटायचं आणि सुरीच्या टोकानं टोचे मारायचे. पुरी फुगली की आपण खूश. पकवान फुगलं की वाया गेलं. नवी होते तेव्हा घाईत चार-पाच तशीच कढईत सोडली. टम्म फुगली, वरून लाल झाली, आत कच्ची राहिली आणि बशीत पडेपर्यंत मऊ पडली. शेठ काहीच बोलले नाहीत. अम्मांनी माझ्या हातात सुरी दिली आणि म्हणाल्या, “ताई, बीस.” तेव्हापासून प्रत्येकाला वीस टोचे, मनातल्या मनात मोजून. आच मध्यम. मोठ्या आचेनं नुसता रंग येतो.

7:30. रविवार असला की आता मान वर करायला सवड नाही. हरभऱ्याची डाळ अशी शिजायला हवी की बोटानं चेपावी, पण बशीत दाणा दिसावा. वर तिखट, आमचूर, कडकडीत फोडणी, चिंच-खजुराची चटणी, हिरवी चटणी, कांदा. चमचा मागितला की माणूस नवखा. इथली माणसं पकवान मोडतात आणि त्याच तुकड्यानं डाळ उचलतात. हल्ली ठाण्या-डोंबिवलीहून मुद्दाम खायला येणारे वाढलेत. ते आधी फोटो काढतात. तोवर फोडणी थंड होते, पण सांगणार कोण?

11:00. पकवानाची कढई उतरली की कढीचं पातेलं चढतं. रविवारी सिंध्यांकडे कढी-चावल. आमच्याकडे कढी म्हणजे ताक. इथं ताकाचा थेंब नाही. मेथी-हिंगाच्या फोडणीत बेसन खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं, मग पाणी ओतून उकळतच ठेवायचं. त्यात शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी, बटाटा आणि शेवटी चिंचेचा कोळ. पहिल्यांदा चाखली तेव्हा मला ती आमटीच वाटली. अम्मांना तसं म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

सोबत आलू टुक. बटाटे अर्धवट तळायचे, तळहातानं चेपायचे, पुन्हा कडक तळायचे, वर तिखट-मीठ-धणेपूड. मागच्या रविवारी एका पाहुण्यानं विचारलं, “हे अस्सल सिंधीच ना?” शेजारच्या टेबलावरचा कॉलेजचा पोरगा म्हणाला, “काका, बटाटा पेरूचा आहे.” फळ नव्हे, देश, तिथल्या डोंगरांत बटाटा पिकवायला सुरुवात झाली म्हणे. पाहुणे हसले आणि आणखी एक प्लेट मागवली. आपण म्हणतो बटाटा, सिंधी म्हणतात पटाटो. नावावरून भांडायला जागाच नाही.

2:30. शटर अर्धं खाली. बाहेरून आलेल्याला अम्मा आधी भाजलेला पापड आणि पाणी देतात, मग “अचो, वेहो”. मी रोजचीच, तरी मलाही पापड मिळतो. जेवायला कालच्या पोळ्यांची सेयल मानी, म्हणजे लसूण, कोथिंबीर आणि टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेले तुकडे. आमची फोडणीची पोळी कोरडी, ही ओलसर. पाहुण्यांच्या यादीत हा पदार्थ नाही. मला विचाराल तर तोच पहिला असायला हवा.

3:30. भांडी, परात, कढईचं तेल गाळणं. उन्हाळ्यात यात थादल या थंड पेयाचं वाटण वाढतं, बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची. ते अम्मा दुसऱ्या कुणाला वाटू देत नाहीत. श्रावणात थदडीला त्यांच्याकडे चूल पेटत नाही, आपल्या शिळासप्तमीसारखीच. आदल्या दिवशीची कोकी आणि गोड लोला खायचा. मला वर्षातून हीच एक हक्काची सुट्टी.

6:00. घरी. धाकटा म्हणतो, “आई, पुऱ्या कर ना.” तेल तापतं, पहिली पुरी लाटून होते आणि माझा हात सुरीकडे जातो. त्यानं मनगट धरलं, तोवर सात टोचे मारून झाले होते.