न फाटणारी चिठ्ठी

क्रिकेटच्या ऑनलाइन सट्ट्यात बिटकॉइन वापरला की माणूस अदृश्य होतो, असे मला पुष्कळदा ऐकवले जाते. नाव खरोखरच दिसत नाही. व्यवहार मात्र दिसतो. ३ जानेवारी २००९ पासूनची प्रत्येक देवघेव ब्लॉकचेन नावाच्या खुल्या वहीत नोंदलेली आहे. बुकीची चिठ्ठी निदान फाडता तरी येई!

माग लागतो कसा? पैजेसाठी दोन-तीन पत्त्यांवरची नाणी एकत्र खर्च केली की ते पत्ते बहुधा एकाच मालकाचे, हे उघड होते. सातोशी नाकामोतो यांनी २००८च्या मूळ निबंधातच हे टळत नसल्याचे नमूद केले आहे. २०१३ मध्ये सारा मिकलजॉन आणि सहकाऱ्यांनी जुगाराच्या संकेतस्थळांसह अनेक सेवांशी स्वतःच ३४४ व्यवहार केले आणि त्यांचे पत्ते हुडकले. गिऱ्हाईक होऊन दुकानाचा नकाशा काढण्याची ही युक्ती मला फार आवडते.

राहिले खेळणाऱ्याचे नाव. जिंकलेल्या नाण्यांचे रुपये करायला बहुतेकांना एक्स्चेंज लागते, आणि भारतातील एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली ग्राहकाची ओळख तपासावी लागते. वही पुसली जात नसल्याने ही जोडणी दहा वर्षांनीही करता येते.