साथीतील परीक्षा आणि विद्यापीठांचा विद्यार्थ्यांशी संवाद

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांची रचना मुख्यतः संलग्नतेवर उभी आहे. म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची असते, परंतु विद्यार्थी प्रत्यक्षात शिकतो तो संलग्न महाविद्यालयात, आणि त्यामुळे विद्यापीठ जे काही सांगते ते प्रथम प्राचार्यांना सांगते. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड आणि रत्नागिरीमार्गे थेट सिंधुदुर्गापर्यंत जाते, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे पुणे, अहमदनगर आणि नाशिक या जिल्ह्यांत पसरलेले होते. एवढ्या विस्तारात निरोप पोहोचवण्याचे रूढ साधन म्हणजे परिपत्रक, अर्थात सर्व महाविद्यालयांना एकाच मजकुरात पाठवलेले अधिकृत पत्र. ते प्राचार्यांच्या टेबलावरून सूचना फलकावर येई आणि त्याचा अर्थ न कळल्यास विद्यार्थी कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन विचारून घेत. कोविडच्या साथीमुळे २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तेव्हा महाविद्यालये आधीच बंद होती, फलक कोणी वाचत नव्हते, खिडकीही मिटली होती, आणि परिपत्रके मात्र पूर्वीच्याच घडणीत निघत राहिली.

विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे देशातील उच्च शिक्षणाचे दर्जे ठरवणारी वैधानिक संस्था, ही अडचण ओळखून होता. ५ एप्रिलच्या पत्रात त्याने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी हेल्पलाइन सुरू करण्यास सांगितले, आणि २९ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक विद्यापीठाने परीक्षा व अध्यापनाविषयीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष स्थापून तो विद्यार्थ्यांना परिणामकारकपणे कळवावा, अशी अपेक्षा नोंदवली. या अपेक्षेतील ‘कळवावा’ हा भाग कक्ष स्थापण्याहून कठीण होता, कारण विद्यार्थ्याचा चालू मोबाइल क्रमांक बहुधा विद्यापीठाकडे नव्हे, तर महाविद्यालयाच्या कार्यालयात किंवा वर्गशिक्षकाच्या व्हॉट्सॲप गटात होता.

अंतिम वर्षाच्या परीक्षेचा प्रश्न उभा राहिल्यावर निरोपाची दिशाच बदलली. मे महिन्यात राज्याचे तत्कालीन उच्च शिक्षण मंत्री उदय सामंत यांनी परीक्षा न घेण्याविषयी आयोगाला पत्र लिहिले. तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी, जे पदसिद्ध कुलपती या नात्याने विद्यापीठांचे प्रमुख होते, त्यांनी या भूमिकेला हरकत घेतली. जूनमध्ये राज्य सरकारने सरासरी गुणांवर पदवी देण्याचा आणि ज्यांना परीक्षा द्यायची असेल त्यांना ती नंतर देऊ देण्याचा निर्णय घेतला. आणि ६ जुलै रोजी आयोगाने सुधारित सूचना काढून सप्टेंबरअखेर परीक्षा घेणे बंधनकारक केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टच्या निकालानुसार, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्याला परीक्षा पुढे ढकलता येत होती, परंतु परीक्षेविना विद्यार्थ्यांना उत्तीर्ण ठरवता येत नव्हते. या चार महिन्यांत विद्यार्थ्याला स्वतःच्या परीक्षेची बातमी दूरचित्रवाणीवरून, मंत्र्यांच्या निवेदनांतून आणि न्यायालयीन वार्तांकनातून मिळत होती, आणि ज्या विद्यापीठाचे नाव त्याच्या पदवीवर छापले जाणार होते ते त्याच्याशी सर्वांत शेवटी बोलत होते.

यात विद्यापीठांची अगतिकता खरी होती, कारण निर्णय त्यांच्या हाती नव्हता. तरीही निर्णय हाती नसणे आणि सांगण्यासारखे काही नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता मुद्दा ठरला आहे, कोणता शासनाकडे किंवा न्यायालयात प्रलंबित आहे, परदेशी प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी तातडीने गुणपत्रक हवे असणाऱ्यांनी काय करावे, मागील सत्रांतील अनुत्तीर्ण विषय शिल्लक असलेल्या, म्हणजे एटीकेटीच्या, विद्यार्थ्यांना कोणता नियम लागू होईल, आणि पुढची सूचना कोणत्या दिवशी येईल, एवढे ठरावीक दिवशी सांगत राहणे अधिकारकक्षेच्या आतच बसणारे होते. एटीकेटीधारकांची घालमेल तर सर्वांत तीव्र होती, कारण सरासरीची भाषा सुरू झाली तेव्हा नापास विषयाची सरासरी कशी काढायची हे कोणीच स्पष्ट करत नव्हते, आणि अशा मौनातच बनावट परिपत्रकांना वाचक मिळतात.

कोकणात या मौनावर निसर्गाचाही घाला पडला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, विजेचे खांब आणि मोबाइल मनोरे कोसळले, आणि रायगडसह उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात व संपर्काबाहेर राहिली. परीक्षेविषयीची चर्चा ऐन रंगात असताना मुंबई विद्यापीठाच्याच क्षेत्रातील हे विद्यार्थी संकेतस्थळ उघडू शकत नव्हते, म्हणून संकेतस्थळावर टाकले म्हणजे कळवले, हे गृहीतक त्यांच्या बाबतीत अन्यायकारक ठरते. अशा ठिकाणी साधा एसएमएस, आकाशवाणी, स्थानिक वृत्तपत्र आणि गावातल्याच एखाद्या शिक्षकाचा दूरध्वनी ही जुनी साधने अधिक विश्वासार्ह होती.

ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या तेव्हा दोन विद्यापीठांनी दोन मार्ग निवडले. मुंबई विद्यापीठाने महाविद्यालयांचे समूह करून प्रत्येक समूहातील अग्रणी महाविद्यालयाकडे बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षेची जबाबदारी सोपवली. पुणे विद्यापीठाने ती केंद्रीय पद्धतीने घेतली. पहिल्या रचनेत पेपरची लिंक न उघडल्यास विद्यार्थी ओळखीच्या शिक्षकाला फोन करू शकत होता, परंतु समूहागणिक सूचना वेगळ्या होत्या. दुसरीत सूचना सर्वांना सारख्या होत्या, परंतु तांत्रिक अडचण आल्यावर हजारो विद्यार्थी एकाच मदत यंत्रणेवर धडकत होते. याच महिन्यात मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची, म्हणजे आयडॉलची, ऑनलाइन परीक्षा सर्व्हरवरील सायबर हल्ल्यामुळे विस्कळीत झाल्याचे विद्यापीठाने जाहीर केले आणि पेपर पुढे ढकलले. आयडॉलचे बरेच विद्यार्थी नोकरी सांभाळून शिकणारे असत, त्यांच्यामागे रोज भेटणारा वर्गशिक्षक नसे, आणि त्यामुळे पुढे ढकललेल्या तारखेची बातमी त्यांच्यासाठी केवळ वेळापत्रकातील बदल नसून पुन्हा मागावी लागणारी रजा होती.

दोन्ही रचनांत प्रत्यक्ष संवादाचा भार शेवटी महाविद्यालयीन शिक्षकांनी उचलला. सराव चाचणीसाठी, म्हणजे खऱ्या परीक्षेआधी प्रणाली हाताळून पाहण्यासाठी, कोणी लॉगिन केले नाही याची यादी काढून त्यांनी एकेका घरी फोन केले, परिपत्रकातील कार्यालयीन मराठी किंवा इंग्रजी मजकूर सोप्या शब्दांत गटावर लिहिला, आणि मोबाइल नसलेल्या विद्यार्थ्याला शेजाऱ्याच्या क्रमांकावर निरोप दिला. या कामासाठी त्यांना वेगळा वेळ, मानधन किंवा अधिकृत माहितीचा आगाऊ मसुदा मिळण्याची व्यवस्था मात्र परिपत्रकांत क्वचितच आढळते.