राजा भाविक, राज्य सर्वांचे

नेता भाविक असला तर त्याचे सरकारही त्याच्याच देवाचे होते का? धर्म आणि राज्य वेगळे ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे औंध संस्थानाच्या घटनेतून चांगले समजते. या ७२ गावांच्या संस्थानाचे औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, कुंडल आणि आटपाडी सांगलीत, तर गुणदाळ कर्नाटकात.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यमाई देवीचे भक्त होते. ते स्वतः कीर्तन करत, रामायणावर चित्रे काढत. असा राजा अनिर्बंध सत्ता चालवत असेल, तर त्याची श्रद्धा कुठे संपते आणि हुकूम कुठे सुरू होतो, हे प्रजेला कळणे अवघड.

२१ जानेवारी १९३९ रोजी लागू झालेल्या स्वराज्य घटनेने ही अडचण दोन बाजूंनी सोडवली. पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी गांधीजींच्या सल्ल्याने ती आकाराला आणली होती.

पहिली बाजू हक्कांची. भाषण, सभा आणि उपासना यांचे स्वातंत्र्य घटनेने सर्वांना दिले. कायद्यापुढे सारे समान, जात किंवा हुद्दा पाहायचा नाही, असेही ठरले. म्हणजे राजाची पूजा अबाधित राहिली आणि दुसऱ्याची उपासना राजाच्या मर्जीवर उरली नाही.

दुसरी बाजू सत्तेची. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींतून तालुका समिती उभी राहायची, तालुक्यांचे प्रतिनिधी विधिमंडळात जायचे आणि मंत्र्यांनी त्या विधिमंडळाला जाब द्यायचा. निर्णय एका माणसाच्या हातून सुटला, की त्याचा धर्मही निर्णयातून आपोआप मागे सरतो. हक्क कागदावर लिहिले आणि सत्ता तशीच ठेवली असती, तर हे साधले नसते.

तरी सीमारेषा सगळीकडे ठळक नव्हती. भवानरावांनी सूर्यनमस्कार संस्थानाच्या शाळांत नेले होते. त्यांच्या दृष्टीने तो आरोग्याचा मार्ग. पण सूर्याचे मंत्र म्हणत केलेला नमस्कार व्यायाम की उपासना, हा प्रश्न अजूनही वादाचा आहे.

१९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. दोन वर्षांनी भारताच्या संविधानाने धर्मस्वातंत्र्य आणि धर्मावरून भेदभावाला मनाई या गोष्टी देशभर लागू केल्या. त्यामुळे पुढारी पायी वारीला गेला किंवा दर्ग्यात चादर चढवून आला, एवढ्यावरून काही ठरत नाही. रेशन, दाखला किंवा न्याय मागायला आलेल्या माणसाला तो त्याचा धर्म पाहून वागवतो का, हे तपासायचे.